महागडी बर्बन पैसे वसूल आहे का, हे लेबलवरून ओळखता येतं ते या कर्नलमुळं. पण त्याला स्वतःच्याच नावासाठी कोर्टात भांडावं लागलं होतं

बोरबॉन म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकांना आधी चॉकलेट क्रीम भरलेलं बिस्कीट आठवतं. पण अमेरिकेत, त्यातही केंटकी राज्यात, हा शब्द काढला की विषय थेट बाटलीवर जातो. तिकडं त्याचा उच्चार बर्बन. मक्यापासून बनणारी आणि आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवलेली अमेरिकन व्हिस्की.

आता समजा तुम्ही अमेरिकेतल्या एखाद्या दारूच्या दुकानात उभे आहात. एका फळीवर २० डॉलरची बाटली आहे. शेजारच्या फळीवर ६० डॉलरची. आणि काउंटरच्या मागं काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेली हजार डॉलरच्या पुढची. तिन्हीचा रंग सारखाच तांबूस. तिन्हीवर कुणातरी म्हाताऱ्याचं नाव, घोडा नाहीतर जुनी इमारत.

मग जास्तीचे पैसे नेमके कशाचे? आतल्या मालाचे की बाहेरच्या नावाचे?

हा प्रश्न आजचा वाटतो, पण सव्वाशे वर्षांपूर्वी तो आजच्यापेक्षा कितीतरी गंभीर होता. कारण तेव्हा बाटलीत व्हिस्कीच आहे का, याचीही खात्री नसायची. ही खात्री कायद्यात बसवण्यासाठी जो माणूस सगळ्यात जास्त झगडला, त्याचं नाव कर्नल एडमंड हेन्स टेलर ज्युनियर. महागडी दारू विकायची म्हणून तो कर्जात बुडाला, त्याची कंपनी गेली, कंपनीसोबत नावही गेलं. आणि त्याच माणसामुळं आज गिऱ्हाईकाला लेबल वाचून किंमत तपासता येते.

बापाविना पोर, बँकवाल्या काकाच्या घरी

टेलरचा जन्म १२ फेब्रुवारी १८३० चा. गाव कोलंबस, राज्य केंटकी. मिसिसिपी नदीच्या काठावरचं हे छोटंसं गाव. तो लहान असतानाच वडील वारले. पुढं काही काळ तो दक्षिणेत आपल्या चुलत आजोबांकडं राहिला. हे आजोबा म्हणजे झॅकरी टेलर, जे १८४९ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले.

त्यानंतर पोरगा केंटकीची राजधानी फ्रँकफर्टमध्ये आपल्या काकांकडं आला. काकांचं नावही एडमंड हेन्स टेलर. एका घरात एकाच नावाची दोन माणसं म्हटल्यावर घोळ होणारच. म्हणून पुतण्याच्या नावापुढं ज्युनियर लागलं. वडिलांचं नाव नसतानाही तो आयुष्यभर ज्युनियर राहिला तो असा.

काका बँकेत होते, त्यामुळं पुतण्याही बँकिंगमध्ये शिरला. केंटकीत बँक चालवायची म्हणजे शेतकरी, घोडे, तंबाखू आणि व्हिस्की या सगळ्यांशी संबंध येणार. व्हिस्कीचा धंदा तर बँकवाल्याला नीट समजून घ्यावाच लागायचा. कारण माल आज बनवायचा, पिंपात भरून गोदामात टाकायचा आणि पैसे काही वर्षांनी बघायचे. तोपर्यंत मका, लाकूड, मजुरी हा सगळा खर्च कुणीतरी उचलायला पाहिजे.

तरुण टेलरनं आधी या धंद्याला पैसा पुरवला, मग तो स्वतःच धंद्यात उतरला. तेव्हाच्या नावाजलेल्या ओल्ड क्रो व्हिस्कीमागं जी मंडळी होती, त्यांच्यात तो सामील झाला. १८६० च्या दशकात युरोपात जाऊन तिथल्या डिस्टिलऱ्या बघून आला.

यादवी युद्ध संपलं होतं, रेल्वे वाढत होती, शहरं वाढत होती. चांगला माल बनवला तर तो देशभर विकता येईल, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

तांब्याची भांडी, पितळी कडी आणि डोक्यावर कर्ज

१८७० च्या सुमारास टेलरनं फ्रँकफर्टजवळ लीस्टाऊन इथं, केंटकी नदीच्या काठावरची एक डिस्टिलरी घेतली. तिला नाव दिलं ओ.एफ.सी. म्हणजे ओल्ड फायर कॉपर.

नावातच तांबं होतं आणि टेलरनं तांब्यावर पैसाही तसाच ओतला. जुनं पाडून नवं बांधलं. भांडी तांब्याची आणली. पुढं गोदामं वाफेनं उबदार ठेवायची सोय केली, म्हणजे कडाक्याच्या थंडीतही पिंपातला माल मुरत राहील. त्याच्या पिंपांना साध्या लोखंडाऐवजी चकचकीत पितळेची कडी असायची. एखाद्या बारमध्ये दहा पिंपं ओळीनं ठेवली, तर टेलरचं पिंप लांबून ओळखू यावं, हा त्यामागचा हिशेब.

त्या काळात बाटलीतून व्हिस्की विकायची पद्धत फारशी रुळली नव्हती. डिस्टिलरी पिंप विकायची. पिंप जायचं घाऊक व्यापाऱ्याकडं, तिथून बारमध्ये किंवा औषधाच्या दुकानात. गिऱ्हाईकाला मिळायची ती पिंपातून काढून दिलेली व्हिस्की. म्हणजे पिंपावरच्या नावाचा आणि ग्लासातल्या मालाचा संबंध मधल्या लोकांच्या इमानदारीवर टिकून होता.

टेलरचा माल महाग पडायचा, कारण बनवायलाच खर्च जास्त. खर्च आधी आणि पैसे नंतर, हे गणित त्याला झेपलं नाही. १८७० च्या दशकात अमेरिकेत मंदी आली. कर्ज फुगत गेलं. दशक संपता संपता टेलर दिवाळखोरीच्या तोंडाशी आला. बँकेत वाढलेल्या माणसाची ही अवस्था झाली होती.

त्याला वाचवलं सेंट लुईसचा व्हिस्की व्यापारी जॉर्ज टी. स्टॅग यानं. पण फुकट नाही. देणी मिटवण्याच्या बदल्यात कंपनीचा ताबा स्टॅगकडं गेला. टेलर तिथंच राहिला, काम बघत राहिला, कंपनीवर नावही त्याचंच राहिलं, ई. एच. टेलर ज्युनियर कंपनी. फक्त मालक तो राहिला नाही.

१८८२ मध्ये डिस्टिलरीवर वीज पडली आणि ती जळाली. ती पुन्हा उभी करण्यातही टेलरच पुढं होता. याच लीस्टाऊनच्या आवारात १८८१ मध्ये विटांचं एक गोदाम बांधलं गेलं होतं. आज त्याला वेअरहाऊस सी म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी ते परत येणार आहे.

नाव माझं, माल तुझा

टेलर आणि स्टॅगचं फार काळ जमलं नाही. १८८० च्या दशकाच्या मध्यावर टेलर बाहेर पडला आणि १८८७ मध्ये मुलांना सोबत घेऊन त्यानं नवी कंपनी काढली. जागा होती फ्रँकफर्टपासून जवळच, वुडफर्ड काउंटीत ग्लेन्स क्रीक नावाच्या ओढ्याकाठी.

इथं त्यानं जे बांधलं, ते बघून लोक चाट पडले. चुनखडीच्या दगडातला युरोपियन थाटाचा किल्ला, त्यावर बुरूज. झऱ्याच्या पाण्यासाठी खांबांनी वेढलेला, वरून किल्लीच्या भोकासारखा दिसणारा हौद. खोलगट बाग. पाहुण्यांसाठी रेल्वेची सोय. व्हिस्कीचा कारखाना बघायला लोक सहलीला यावेत, ही कल्पना तेव्हा नवीन होती. म्हणजे ब्रँडच्या कथेची किंमत टेलरला चांगलीच कळत होती, आणि ती कथा सांगायला त्यानं पैसाही सोडला नाही.

पण घोळ वेगळाच होता. जुन्या डिस्टिलरीत स्टॅग अजूनही टेलरच्या नावानं व्हिस्की विकत होता. इकडं खरा टेलर स्वतःच्या नावानं व्हिस्की विकत होता. गिऱ्हाईकानं टेलर मागितली, तर त्याला कुणाची मिळणार?

भांडण कोर्टात गेलं आणि वरच्या कोर्टापर्यंत चालत राहिलं. धंदा विकला की माणसाचं नावही विकलं जातं का, असा तो प्रश्न होता. टेलरची वळणदार सही हीच त्याच्या मालाची खूण होती. अखेर १८९० च्या दशकात स्टॅगच्या कंपनीला त्या सहीचा वापर सोडावा लागला.

टेलर जिंकला. पण या प्रकरणातून त्याला एक गोष्ट कळून चुकली. नाव कितीही मोठं असलं, तरी ते दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतं. त्यामुळं फक्त नावाच्या भरवशावर गिऱ्हाईकानं जास्त पैसे का द्यावेत, याला उत्तर नव्हतं.

बाटलीत सुकवलेल्या प्लमचा रस

स्टॅगशी भांडण हे एका माणसाशी होतं. टेलरची मोठी लढाई होती ती रेक्टिफायर मंडळींशी.

रेक्टिफायर म्हणजे डिस्टिलऱ्यांकडून माल विकत घेऊन त्यावर प्रक्रिया करणारे व्यापारी. त्यातले काही जण चांगल्या व्हिस्क्यांचं प्रामाणिक मिश्रण करायचे. पण बरेच जण काय करायचे, तर न मुरवलेला, बिनचवीचा स्पिरिट घ्यायचा. त्यात जळक्या साखरेचा रंग, सुकवलेल्या प्लमचा रस आणि वेगवेगळे अर्क टाकायचे. थोडी खरी व्हिस्की घालायची. झाली जुनी, मुरलेली बर्बन तयार. पिंपात चार वर्षं घालवायची गरजच नाही. काही ठिकाणी तर यात आरोग्याला घातक रसायनंही जायची.

आता टेलरच्या बाजूनं बघा. तो मका विकत घेणार, आंबवणार, तांब्याच्या भांड्यात दोनदा गाळणार, नव्या पिंपात भरून चार-पाच वर्षं गोदामात ठेवणार. दरवर्षी त्यातला काही भाग हवेत उडून जाणार. सरकारी करही भरणार, जो १८९४ पासून गॅलनला १ डॉलर १० सेंट झाला होता. आणि शेजारचा माणूस आज दुपारी मिसळून संध्याकाळी विकणार, तेही तसंच लेबल लावून.

गिऱ्हाईकाच्या हातात दोन्ही ग्लास सारखेच. मग त्यानं महागाचा ग्लास का घ्यावा?

ही लढाई फक्त लोकांच्या भल्यासाठी होती, असं नाही. टेलरचा स्वतःचा धंदा त्यात अडकला होता. पण इथं त्याचा फायदा आणि गिऱ्हाईकाचा फायदा एकाच दिशेला होता. महाग माल विकायचा असेल, तर तो महाग का आहे याचा पुरावा द्यायला हवा. आणि हा पुरावा विकणाऱ्याच्या शब्दावर चालणार नाही, त्यासाठी तिसरा माणूस लागणार, हे त्यानं ओळखलं. तो तिसरा माणूस म्हणजे सरकार.

३ मार्च १८९७

टेलर नुसता कारखानदार नव्हता. तो एकूण १६ वर्षं फ्रँकफर्टचा महापौर होता आणि राज्याच्या विधिमंडळातही जाऊन आला होता. राजकारणाच्या गल्ल्या त्याला माहीत होत्या. त्यात तेव्हाचे अमेरिकेचे अर्थमंत्री जॉन जी. कार्लाइल हे केंटकीचेच. दोघांनी मिळून जोर लावला.

३ मार्च १८९७ ला, राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांचा कार्यकाळ संपायच्या आदल्या दिवशी, बॉटल्ड इन बॉन्ड कायदा झाला.

बॉन्ड म्हणजे सरकारी देखरेखीखालचं गोदाम. माल त्यात असेपर्यंत कर भरावा लागत नसे, म्हणून सरकारचा माणूस तिथं कायम हजर असे. गोदामाचं कुलूप त्याच्या किल्लीशिवाय उघडत नसे. ही व्यवस्था कर बुडू नये म्हणून आधीपासूनच होती. टेलर आणि मंडळींनी तीच गिऱ्हाईकाच्या कामाला लावली.

कायद्याच्या अटी अशा होत्या. व्हिस्की एकाच डिस्टिलरीत आणि एकाच हंगामात बनलेली हवी. एका वर्षात दोन हंगाम धरायचे, जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर. ती किमान ४ वर्षं बॉन्डच्या गोदामात मुरलेली हवी. बाटलीत भरताना ती बरोबर १०० प्रूफ, म्हणजे ५० टक्के अल्कोहोल हवी. पाण्याशिवाय त्यात काहीही घालायचं नाही. या अटी पाळल्या की बाटलीच्या तोंडावर हिरवी सरकारी पट्टी चिकटवली जाई आणि माल कधी बनला, कधी बाटलीत भरला, हे तिच्यावर लिहिलेलं असे.

हा कायदा सक्तीचा नव्हता. ज्याला पाहिजे त्यानं या अटींत बसावं, नको त्यानं बसू नये. पण हिरवी पट्टी लावायची असेल तर खोटं चालणार नाही, एवढंच.

यात एक गोष्ट मुद्दाम समजून घ्यायला हवी. सरकार व्हिस्की चांगली आहे असं सांगत नव्हतं. आत काय आहे, कुणी बनवलं आणि किती मुरलंय, एवढीच हमी देत होतं. चवीचा निकाल गिऱ्हाईकावरच सोडला होता.

लेबलची लढाई थांबली नाही

रेक्टिफायर गप्प बसले नाहीत. लुईव्हिलच्या मॅरियन टेलर या व्यापाऱ्याचं आडनावही योगायोगानं टेलरच होतं. तो केंटकी टेलर अशा नावानं मिश्रण केलेली व्हिस्की विकायचा. कर्नलनं त्याच्यावर खटला भरला. १९०५ मध्ये केंटकीच्या अपील कोर्टानं कर्नलची बाजू घेतली. मिश्रण विकायला हरकत नाही, पण ते निखळ व्हिस्कीसारखं दाखवून गिऱ्हाईकाची फसवणूक करता येणार नाही, असा त्या निकालाचा सूर होता.

पुढं १९०६ मध्ये अमेरिकेत शुद्ध अन्न आणि औषध कायदा आला. मग कुणाला व्हिस्की म्हणायचं यावर एवढं रण माजलं की १९०९ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष विल्यम टाफ्ट यांना निवाडा द्यावा लागला. स्ट्रेट व्हिस्की वेगळी, ब्लेंडेड वेगळी आणि लेबलवर ते स्पष्ट लिहायचं, हे तिथं ठरलं. टेलरला सगळं हवं तसं मिळालं नाही, कारण मिश्रणवाल्यांनाही व्हिस्की हा शब्द वापरायची मुभा राहिली. पण गिऱ्हाईकाला फरक कळायची सोय झाली.

म्हातारपणी कर्नलचा जीव गुरांमध्ये रमला. हेरफर्ड जातीची उत्तम गुरं पाळण्यात त्यानं नाव कमावलं. १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली आणि किल्ल्यातली भट्टी थंडावली. १९ जानेवारी १९२३ ला, वयाच्या ९२ व्या वर्षी कर्नल गेला. ज्या धंद्याची इभ्रत सावरण्यात आयुष्य घातलं, तो धंदाच तेव्हा बेकायदेशीर होता.

गंमत म्हणजे त्या काळातही डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध म्हणून व्हिस्की मिळायची. आणि त्या बाटल्या बहुतेक करून बॉटल्ड इन बॉन्डच असायच्या.

आज दुकानात उभं राहिल्यावर

कर्नलच्या लढाईचा आज काय उपयोग? तर महागडी बाटली हातात घेतल्यावर पुढची कथा वाचायच्या आधी बारीक अक्षरं वाचायची.

पहिली गोष्ट म्हणजे स्ट्रेट हा शब्द. स्ट्रेट बर्बन किमान २ वर्षं मुरलेली असते, आणि ४ वर्षांपेक्षा कमी मुरलेली असेल तर वय लिहावंच लागतं. म्हणजे स्ट्रेट लिहिलंय आणि वय लिहिलेलं नाही, तर ती ४ वर्षांची तरी आहेच. वय लिहिलेलं असेल, तर ते बाटलीतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं असतं.

दुसरी गोष्ट अल्कोहोलचं प्रमाण. ७५० मिलीची बाटली ४० टक्क्यांची असेल तर त्यात ३०० मिली अल्कोहोल आणि बाकी जवळपास पाणीच. ५० टक्क्यांची असेल तर ३७५ मिली. दोन्हींची किंमत सारखी असेल, तर पहिल्या बाटलीत तुम्ही पाण्याला जास्त पैसे देताय.

तिसरी गोष्ट, बनवलं कुणी. डिस्टिल्ड बाय आणि बॉटल्ड बाय यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्याची व्हिस्की विकत घेऊन बाटलीत भरणं यात गैर काही नाही, आणि अशा काही बाटल्या उत्तमही असतात. पण आजोबांच्या गुप्त कृतीची कथा सांगून दाम दुप्पट लावलाय आणि मागं नुसतं बॉटल्ड बाय लिहिलंय, तर जास्तीचे पैसे कथेचे आहेत.

चौथी गोष्ट वय. जितकी वर्षं जास्त, तितकं पिंपातून जास्त उडून जातं. केंटकीत हे प्रमाण वर्षाला साधारण ३ ते ५ टक्के असतं. त्यामुळं १५ वर्षांची बर्बन महाग असण्याला खरं कारण आहे, कारण पिंपात उरतंच कमी. पण महाग म्हणजे चांगली असं नाही. स्कॉच बहुतेक वेळा वापरलेल्या पिंपात, थंड हवेत मुरते. बर्बन जाळलेल्या नव्या ओकमध्ये आणि केंटकीच्या कडक उन्हाळ्यात मुरते. जास्त वर्षं ठेवली की लाकडाचा कडवटपणा बाकी चवींवर बसू शकतो. अनेकांना ८ ते १२ वर्षांची बर्बनच जास्त आवडते.

आणि स्मॉल बॅच, रिझर्व्ह, हँडक्राफ्टेड हे शब्द? यांना कायद्यात ठरलेली व्याख्या नाही. दहा पिंपांचीही स्मॉल बॅच आणि शेकडो पिंपांचीही.

थोडक्यात, अमेरिकेत २०-३० डॉलरच्या आत बॉटल्ड इन बॉन्ड बर्बन मिळते, म्हणजे चार वर्षं मुरलेली, ५० टक्क्यांची, एकाच ठिकाणची. हा झाला पाया. त्यावर जास्त वय, पाणी न घालता थेट पिंपाच्या ताकदीनं भरलेली व्हिस्की किंवा एकाच निवडक पिंपातला माल, यासाठी पैसे वाढत असतील तर त्याचं उत्तर बाटलीत सापडतं. त्याच्या वरचे पैसे असतात टंचाईचे, नावाचे आणि मिरवण्याचे.

आपल्याकडं हा हिशेब आणखी अवघड होतो. भारतात बर्बनवर १५० टक्के आयात शुल्क होतं, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये १०० टक्क्यांवर आलं. त्यावर राज्याची अबकारी. त्यामुळं मुंबई-पुण्यात बाटली महाग आहे म्हणून ती भारी असेलच असं नाही, किमतीतला मोठा भाग करातच जातो. आणि रेक्टिफायरची गोष्ट वाचून नाक मुरडण्याआधी हेही आठवायला हवं की आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कीत उसाच्या मळीपासून बनवलेला न्यूट्रल स्पिरिट असतो. युरोपात असा माल व्हिस्की म्हणून विकता येत नाही.

आणि शेवटी नाव परत आलं

ज्या लीस्टाऊनच्या डिस्टिलरीत टेलरनं कंपनी गमावली, तिला पुढं अनेक वर्षं स्टॅगचंच नाव होतं. १९९९ मध्ये तिचं नामकरण झालं बफेलो ट्रेस. टेलरच्या नावाचा ब्रँड मात्र वेगवेगळ्या कंपन्यांच्या हातातून फिरत राहिला. २००९ मध्ये बफेलो ट्रेसची मालक असलेल्या सॅझरॅक कंपनीनं तो विकत घेतला आणि २०११ मध्ये कर्नल ई. एच. टेलर या नावानं बर्बन बाजारात आणली. आज स्टॅग आणि टेलर, कोर्टात भांडलेल्या या दोघांच्या नावाच्या बाटल्या एकाच आवारातून बाहेर पडतात. दोन्हींसाठी लोक रांगा लावतात.

आता ते वेअरहाऊस सी. २ एप्रिल २००६ ला आलेल्या वादळात त्याचं छप्पर आणि एका भिंतीचा भाग उडाला. आतली पिंपं शाबूत राहिली, पण वरच्या मजल्यांवरची ९३ पिंपं पुढं काही महिने ऊन, वारा, पाऊस झेलत उघड्यावर होती. २०१२ मध्ये हा माल टेलरच्या नावानं, वादळातून वाचलेली बर्बन म्हणून विकला गेला. तेव्हा बेताच्या किमतीत निघालेली ती बाटली आज संग्राहकांच्या बाजारात हजारो डॉलरला जाते.

त्या बाटलीवरही बॉटल्ड इन बॉन्ड लिहिलेलं आहे. एका हंगामातली, एका डिस्टिलरीतली, किमान चार वर्षं मुरलेली आणि ५० टक्क्यांची, एवढी हमी तिच्यात आहे. तीच हमी खालच्या फळीवरच्या २० डॉलरच्या बॉन्ड बाटलीतही आहे. त्यापुढची जास्तीची वर्षं म्हणजे आतला माल, आणि त्याही पुढचे हजारो डॉलर म्हणजे एका वादळाची गोष्ट. ती विकत घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त आपण गोष्ट विकत घेतोय हे माहीत असलं म्हणजे झालं.